पाचव्या महिन्याची चाहूल : जपानमधील स्थूल गर्भवती आणि बाळाची पहिली हालचाल

गर्भातील बाळाची पहिली हालचाल जाणवणे ही घटना वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने काहीशी अडचणीची आहे, कारण ती मोजता येत नाही, दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता येत नाही आणि तिची एकमेव साक्षीदार स्वतः गर्भवती स्त्रीच असते. रक्तदाब, लघवीतील साखर आणि प्रथिने, गर्भाशयाची उंची, आईचे वजन या साऱ्या गोष्टी यंत्राने अथवा फितीने ठरतात. बाळ हलले की नाही हे मात्र तिने सांगायचे आणि इतरांनी ऐकायचे असते. जपानसारख्या, गर्भारपणाची अत्यंत काटेकोर नोंद ठेवणाऱ्या देशात या साक्षीचे स्थान काय आहे, आणि ती साक्ष देणारी स्त्री अंगाने स्थूल असेल तर तिच्यावर कितपत विश्वास ठेवला जातो, हा विषय वरवर दिसतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे.

जपानी स्त्रीला दिवस गेल्याचे निश्चित झाले की तिने आपल्या नगरपालिकेच्या अथवा वॉर्डाच्या कार्यालयात तशी नोंद करायची असते, आणि तेथे तिला एक लहानशी पुस्तिका मिळते. तिचे नाव ‘बोशी केंको तेच्यो’, म्हणजे माता-बाल आरोग्य पुस्तिका. रोजच्या बोलण्यात नुसते ‘बोशी तेच्यो’. तिचा जन्म युद्धकाळातला. सेगी मित्सुओ या डॉक्टरांनी जर्मनीत गर्भवतींजवळ असणारी तपासणीची पुस्तिका पाहिली होती, आणि त्या धर्तीवर १९४२ साली जपानी गर्भवतींसाठी अशी पुस्तिका काढण्यात आली. ती जवळ असणाऱ्या स्त्रीला टंचाईच्या त्या दिवसांत वाढीव शिधा मिळत असे, म्हणून स्त्रियाही नोंदणीसाठी आपणहून पुढे येत. १९४८ साली आई आणि मूल या दोघांची नोंद एकाच पुस्तिकेत आली आणि १९६५ च्या माता-बाल आरोग्य कायद्यानंतर तिला आजचे नाव मिळाले. जी पुस्तिका दाखवून गर्भवतीच्या पोटात दोन घास जास्त जात, तिच्यातच पुढे दर भेटीला वजनाचा आकडा चढत गेला आणि तो जास्त दिसला की बोलणी बसू लागली, हा इतिहासातला विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या पुस्तिकेतील तपासण्यांची पाने डॉक्टर आणि सुईणी भरतात. आठवडा, गर्भाशयाची उंची, पोटाचा घेर, रक्तदाब, सूज, लघवीची तपासणी आणि वजन असे रकाने तेथे ओळीने असतात. घेर मोजणे अनेक दवाखान्यांनी आता सोडून दिले आहे, वजन मात्र कोणी सोडलेले नाही. स्त्रीच्या प्रकृतीच्या पानावर तिची उंची, एरवीचे वजन आणि त्यांवरून काढलेला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, यांच्या जागा आहेत. याखेरीज गर्भवतीने स्वतः भरायची पाने वेगळी असतात आणि तेथे शेवटच्या पाळीची तारीख, पहिल्या तपासणीची तारीख आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख यांच्याबरोबर आणखी एक तारीख मागितलेली असते : बाळाची हालचाल जाणवली तो दिवस. सोनोग्राफी नव्हती तेव्हा या तारखेला व्यावहारिक मोल होते, कारण पहिलटकरणीला साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात आणि आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीला सोळाव्या ते अठराव्या आठवड्यात हालचाल कळते या अनुभवावरून दिवस कधी भरतील याचा अंदाज बांधला जाई. आता तो अंदाज पहिल्या तिमाहीत पडद्यावर दिसणाऱ्या गर्भाच्या लांबीवरून बांधतात. तरी रकाना टिकून आहे.

जपानमध्ये गर्भारपण चार आठवड्यांच्या दहा महिन्यांत मोजतात. मराठी घरांत नऊ महिने नऊ दिवस म्हणतात तसे तेथे दहा महिने दहा दिवस म्हणतात, आणि त्या हिशेबाने सोळाव्या आठवड्यापासून एकोणिसाव्या आठवड्याअखेरपर्यंतचा काळ हा पाचवा महिना होतो. याच महिन्यात, बारा प्राण्यांच्या जुन्या पंचांगात दर बारा दिवसांनी येणाऱ्या कुत्र्याच्या दिवशी, गर्भवतीच्या पोटाला ‘इवाता-ओबी’ हा पट्टा बांधण्याचा विधी असतो. कुत्रीची वीण सुखरूप होते या समजुतीवरून हा दिवस निवडलेला आहे. तोक्योच्या निहोनबाशी भागातील सुइतेंगू हे देवस्थान आणि ह्योगो प्रांतातील ताकाराझुका येथील नाकायामादेरा हे मंदिर या विधीसाठी प्रसिद्ध आहेत, आणि कुत्र्याचा दिवस रविवारी आला तर तेथे गर्भवतींची, त्यांच्या आयांची आणि सासवांची रीघ लागते. आपल्याकडचे डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात होते, तोवर पोट दिसू लागलेले असते आणि बाळाच्या ढुशांची सवयही झालेली असते. जपानी विधी मात्र नेमका अशा वेळी येतो की पहिलटकरणीने अजून काही जाणवून घेतले असेल किंवा नसेल. पट्टा बांधला तरी बाळ हलले नाही, ही हुरहूर त्यामुळे तेथे कॅलेंडरवरच्या एका ठरलेल्या दिवशी समोर येते.

पट्ट्याविषयी एक तपशील स्थूल स्त्रीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पारंपरिक इवाता-ओबी हा ‘साराशी’ या धुवट सुती कापडाचा काही मीटर लांबीचा पट्टा असतो. तो उभा दुमडून पोटाखालून गुंडाळत आणतात, आणि एवढ्या लांबीमुळे कोणत्याही घेराच्या पोटाला तो पुरतो, फार तर एखादा वेढा कमी बसतो. आज बहुतेक जणी लवचीक, शिवलेले पोटपट्टे वापरतात, ते मापांत मिळतात आणि दुकानातल्या मापांचा क्रम कोठेतरी संपतो. जाड बांध्याच्या स्त्रियांसाठी कपड्यांचे ‘ला फार्फा’ हे स्वतंत्र नियतकालिकच जपानमध्ये २०१३ साली निघाले यावरून त्याआधी या ग्राहकवर्गाकडे किती लक्ष होते याची कल्पना येते. जुन्या विधीने सर्व देहांना सामावून घ्यावे आणि नव्या सोयीने घेऊ नये, असे या एका वस्तूपुरते तरी घडले आहे.

स्थूल कोणाला म्हणायचे, याचे उत्तरही देशागणिक बदलते. जागतिक आरोग्य संघटना बॉडी मास इंडेक्स ३० आणि त्यापुढे गेल्यावर लठ्ठपणा मानते. जपानी तज्ज्ञांच्या संस्थेने ती रेषा २५ वर ओढली आहे, कारण आशियाई लोकांत कमी वजनावरही मधुमेह आणि रक्तदाब दिसू लागतात. भारतीय तज्ज्ञांनीही २००९ साली २५ हाच आकडा धरला, तेव्हा मुंबई-पुण्यातल्या किंवा तोक्योतल्या मराठी स्त्रीला ही मोजपट्टी परकी नाही. २०१९ च्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत जपानमधील २२.३ टक्के प्रौढ स्त्रिया या रेषेच्या वर होत्या आणि त्याच पाहणीत विशीतल्या २०.७ टक्के स्त्रिया १८.५ च्या खाली, म्हणजे जास्तच बारीक होत्या. विशीतल्या दर पाचांपैकी एक जण हडकुळी असेल, तर साध्या भरल्या अंगाची गर्भवतीही दवाखान्याच्या बाकावर एकटी वाटू लागते.

वजनाविषयीच्या सरकारी आणि वैद्यकीय सूचनांनी या एकटेपणात भर घातली. लहान जन्माला घालावे आणि मोठे करून वाढवावे, अशा अर्थाचे एक सुभाषितवजा वाक्य जपानी बाळंतपणात दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. गर्भारपणातील वाढत्या रक्तदाबाच्या धास्तीने १९९९ साली प्रसूतिशास्त्राच्या संघटनेने वजनवाढीच्या कडक मर्यादा सांगितल्या, २००६ साली आरोग्य मंत्रालयाने सर्वसाधारण बांध्याच्या स्त्रीसाठी ७ ते १२ किलो ही मर्यादा ठेवली आणि २५ च्या वरच्या स्त्रीला वैयक्तिक सल्ल्यावर, व्यवहारात ५ किलोच्या आसपास, रोखून धरले. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण मात्र १९७५ च्या सुमारास ५ टक्के होते ते पुढील तीन दशकांत साडेनऊ टक्क्यांजवळ गेले. त्यामागे मातांचे वाढते वय आणि जुळ्यांचे प्रमाण ही कारणेही आहेत, तरी वजनाच्या धाकाकडे बोट दाखवणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि २०२१ साली मर्यादा सैल झाल्या : सर्वसाधारण बांध्याला १० ते १३ किलो, २५ ते ३० मध्ये ७ ते १० किलो, आणि ३० च्या पुढे व्यक्तिगणिक, वरची मर्यादा ५ किलो धरून. म्हणजे मध्यम स्थूल स्त्रीला मिळणारी मोकळीक एका पिढीच्या आत वाढली. तिच्या शरीरात मात्र दरम्यान काहीच बदलले नव्हते.

या पार्श्वभूमीवर मूळ प्रश्न असा की स्थूल स्त्रीला बाळाची हालचाल खरोखर उशिरा जाणवते काय. तसे मानण्याची पद्धत सर्वत्र आहे, घरातही आणि दवाखान्यातही, आणि तिच्यामागचा तर्क सरळ दिसतो : मध्ये चरबीचा थर, म्हणून धक्का पोहोचत नाही. शरीररचना नीट पाहिली तर हा तर्क जेथे लागू पडतो ती जागा वेगळी निघते. सातव्या-आठव्या आठवड्यापासून गर्भ हलत असतो, हे सोनोग्राफीत दिसते. पण तेव्हा तो इतका लहान असतो आणि गर्भजलात असा तरंगत असतो की त्याचा स्पर्श भिंतीपर्यंत जोराने येत नाही. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत चढते, बाळाच्या हातापायांत जोर येतो, आणि गर्भाशयाची भिंत आतून ढकलली गेली की ती पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे मज्जातंतूंनी समृद्ध अशा उदरावरणावर टेकते. त्या अस्तराबाहेर पोटाचे स्नायू, स्नायूंच्या बाहेर कातडीखालची चरबी आणि सर्वांत बाहेर कातडी, असा थरांचा क्रम आहे. आईला जे कळते ते मुख्यतः आतल्या थरांना कळते. पोटावर ठेवलेल्या तळव्याला कळायचे ते मात्र सगळे थर ओलांडून यावे लागते. चरबीचा पडदा आहे खरा, पण तो आईच्या जाणिवेपेक्षा नवऱ्याच्या हाताच्या, सासूच्या हाताच्या आणि डॉक्टरच्या हाताच्या आड जास्त येतो.

प्रत्यक्ष पाहण्यांतूनही हेच सूचित होते. न्यूझीलंडमध्ये गर्भारपणाच्या उत्तरार्धातील स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हालचालींचा जोर, त्यांची वारंवारता आणि दिवसभरातला त्यांचा क्रम यांविषयी स्थूल स्त्रियांनी दिलेली माहिती इतर स्त्रियांहून ठळकपणे वेगळी आढळली नाही. पहिली जाणीव काही दिवस मागेपुढे होणे याला चरबीखेरीज पुष्कळ कारणे असतात. वार, म्हणजे बाळाला रक्त पुरवणारा अवयव, गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला चिकटलेली असेल तर बाळ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये ती गादीसारखी येते, आणि हे बारीक स्त्रीच्याही बाबतीत होते. पहिले बाळंतपण असेल तर काय ओळखायचे हेच ठाऊक नसते. जपानी स्त्रिया ज्याला ‘पोकोपोको’ म्हणतात ते बुडबुडे फुटल्यागत काहीतरी पोटातला वायू म्हणून सोडून दिले जाते. आणि एक कारण असे आहे की ज्याचा विचार क्वचितच होतो : स्थूलतेबरोबर बीजकोशांचा पीसीओएस हा विकार अनेकींना असतो, पाळी लांबते, त्यामुळे शेवटच्या पाळीवरून मोजलेले आठवडे प्रत्यक्ष गर्भाच्या वयापेक्षा जास्त भरतात, आणि मग विसाव्या आठवड्यातही काही कळले नाही असे वाटणाऱ्या स्त्रीचा गर्भ खरे तर अठरा आठवड्यांचाच असतो. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने तारीख दुरुस्त करून घेतली तर हा घोळ राहत नाही. जपानमध्ये ती नेमाने होते.

पोटावर हात ठेवून आत काय आहे ते ओळखण्याची विद्या जपानमध्ये जुनी आहे. क्योतोमध्ये काम करणाऱ्या कागावा गेनेत्सु (१७०० ते १७७७) यांनी १७६५ साली ‘सानरोन’ हा प्रसूतिशास्त्राचा ग्रंथ लिहिला. गर्भ पोटात डोके वर करून बसलेला असतो आणि वेणा सुरू झाल्यावर कोलांटी घेतो अशी तोवरची समजूत होती. पोटे चाचपून चाचपून त्यांनी दाखवले की डोके आधीपासून खाली असते. स्कॉटिश प्रसूतितज्ज्ञ विल्यम स्मेली याच निष्कर्षावर याच सुमारास युरोपात आले होते, आणि दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. पुढे नागासाकीतील जर्मन डॉक्टर फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड यांचे शिष्य मिमा जुन्झो यांनी या ग्रंथातील माहिती डच भाषेत उतरवली. या कागावांनी पोटाला पट्टा आवळून बांधण्याच्या रूढीला सडकून विरोध केला होता. त्यांचा विरोध लोकांनी मानला नाही हे सुइतेंगूची गर्दी पाहिली की कळते, पण पोट आवळले तर आत काय चालले आहे ते कोणालाच कळणार नाही, हे हातावर विसंबणाऱ्या माणसाने म्हणावे यात नवल नाही.

हाताची जागा विसाव्या शतकात यंत्राने घेतली, आणि त्यात जपानी संशोधकांचा वाटा मोठा आहे. तोक्योच्या जुन्तेन्दो विद्यापीठातील वागाई तोशिओ हे वैद्यकातील ध्वनिलहरींच्या वापराचे एक आद्य प्रवर्तक; ओसाकात साटोमुरा शिगेओ यांनी १९५० च्या दशकात हृदयाची हालचाल डॉप्लर तत्त्वाने टिपली; आणि १९८० च्या दशकात तोक्यो विद्यापीठातील बाबा काझुनोरी यांनी गर्भाचे त्रिमिती चित्र संगणकावर उभे केले. आज जपानी गर्भवतीला सरकारी खर्चात साधारण चौदा तपासण्या मिळतात आणि अनेक दवाखाने जवळजवळ प्रत्येक भेटीत बाळ पडद्यावर दाखवतात. चरबीची खरी अडचण येथे होते. ध्वनिलहरी चरबीतून जाताना क्षीण होतात; खोलवर पोहोचण्यासाठी कमी कंपनसंख्येच्या लहरी वापराव्या लागतात आणि त्यांनी चित्र धूसर येते. अनुभवी तंत्रज्ञ अशा वेळी पोटाची वळी हलक्या हाताने वर उचलून तिच्याखाली, किंवा चरबी जेथे सर्वांत पातळ असते त्या बेंबीत, किंवा स्त्रीला कुशीवर वळवून बाजूने तपासणीचा दांडा टेकवतात. पडद्यावर बाळाचा चेहरा दिसला नाही की ‘जाडीमुळे नीट दिसत नाही’ हे वाक्य उच्चारले जाते. ते वाक्य तांत्रिक दृष्ट्या बरोबर असले तरी ते ऐकणारी स्त्री त्यावरून असाही निष्कर्ष काढते की मग आपल्यालाही काही कळत नसणार, आणि तो निष्कर्ष चुकीचा आहे.

दिवस भरत आल्यावर होणारी नॉन-स्ट्रेस टेस्ट ही तपासणी याबाबत बोलकी आहे. स्त्रीला किंचित कलते निजवतात, पोटावर दोन चकत्या लवचीक पट्ट्यांनी बसवतात, त्यांतली एक बाळाच्या हृदयाचे ठोके आणि दुसरी गर्भाशयाचे आकुंचन टिपते. मोठ्या पोटावर पट्टा घसरतो, चकती वाकडी होते, ठोक्यांची रेघ मध्येच तुटते, आणि सुईण ती चकती हाताने दाबून धरून बसते. अनेक ठिकाणी याच वेळी स्त्रीच्या हातात एक बटण दिलेले असते : बाळ हलले की तिने ते दाबायचे, म्हणजे कागदावर खूण उमटते आणि त्या हालचालीबरोबर ठोके वाढले का हे डॉक्टर पाहतात. चकत्यांना जे नीट मिळत नाही ते त्या बटणावरच्या अंगठ्याकडून येते.

हे सगळे केवळ मानाचा प्रश्न म्हणून सांगायचे नाही. लठ्ठ स्त्रियांत पोटातच बाळ दगावण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे, आणि गर्भारपणातील मधुमेह व रक्तदाबही त्यांच्यात जास्त आढळतात. वार अवेळी सुटू लागणे यासारख्या संकटात रक्तस्राव आणि पोटदुखी यांच्याबरोबर हालचाल मंदावणे हेही लक्षण असू शकते. म्हणजे ज्या स्त्रीच्या बाबतीत हालचालीची तक्रार सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवी, तिचीच तक्रार जाडीच्या नावावर सर्वांत सहज झटकली जाते. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेची २०११ ची मार्गदर्शिका चोविसाव्या आठवड्यापर्यंत हालचाल मुळीच जाणवली नाही तर तज्ज्ञ केंद्राकडे पाठवावे असे सांगते, आणि त्या सूचनेत वजनाचा अपवाद नाही. जपानमध्ये चोविसाव्या आठवड्यापासून तपासणी चार आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांनी होऊ लागते, तेव्हा हालचाल न जाणवल्याची विचारणा तेथे योग्य वेळी होऊ शकते, मात्र ती स्त्रीने केली तर.

ही गोष्ट मराठी स्त्रियांनाही दूरची नाही : तोक्योच्या एदोगावा वॉर्डातील निशी-कासाई भागात गेल्या दोन-अडीच दशकांत भारतीय वस्ती वाढली, आणि त्यात संगणक व्यवसायातली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत जपानी लोकांतही आहे. तिला ‘सातोगाएरी’ म्हणतात आणि तिचे वेळापत्रक आपल्यासारखेच शेवटच्या दोन महिन्यांचे असते. परदेशातल्या मराठी मुलीला मात्र माहेर व्हिडिओ कॉलवरच भेटते. पुस्तिका इंग्रजीसह अनेक भाषांत मिळते, मराठीत नाही. दवाखान्यातला वजनकाटा मात्र सगळ्या भाषांत सारखाच बोलतो, आणि भारतात ‘अंगाने बरी’ म्हणवणारी मुलगी तेथे २५ च्या रेषेपलीकडे जाऊन अचानक जोखमीच्या यादीत येते. तिला गाडीत बसायला जागाही सहज मिळत नाही, कारण भरल्या पोटावरून दिवस कळत नाहीत. अशांसाठीच आरोग्य मंत्रालयाने २००६ साली काढलेला गर्भवतीचा बिल्ला पर्सला लावायचा असतो.

हालचाली मोजण्याची पद्धत सोपी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. दहा हालचाली व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचे, ही पद्धत ब्रिटनमध्ये १९७६ साली मांडली गेली. तोचिगी प्रांतातील जिची वैद्यकीय विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये तिचे जपानी रूप प्रसिद्ध केले. त्यात स्त्रीने बाळ जागे असताना आडवे होऊन लक्ष एकाग्र करायचे असते, आणि तशा स्थितीत बाविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यांत दहा हालचालींना सरासरी दहा मिनिटांच्या आसपास, चाळिसाव्या आठवड्यात पंधरा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो असे त्यांना आढळले. कामाच्या धबडग्यात, ट्रेनमध्ये उभे राहून किंवा भाकऱ्या भाजताना हे मोजू नये. रात्रीच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजावे. दुसऱ्या कोणाच्या बाळाशी तुलना करू नये. आपल्या बाळाचा रोजचा क्रम एकदा लक्षात आला की तो मोडला तर ते कळते. तो मोडला असे वाटले तर त्याच रात्री दवाखान्याला फोन करावा, सकाळची वाट पाहू नये, आणि फोनवर आपले वजन आधी सांगण्याऐवजी बाळ शेवटचे कधी हलले ते आधी सांगावे.